सरासरीच्या जागी ‘एनए’, टी-चाचणीचा नकार: जीवशास्त्राच्या आकड्यांत नेमकं कुठं अडतं

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या स्क्रीनवर असेल तर पुढचं वाचा.

आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढायला गेलात आणि आकड्याऐवजी नुसतं ‘एनए’ (म्हणजे किंमत उपलब्ध नाही) आलं, सोबत ‘आर्ग्युमेंट इज नॉट न्यूमेरिक ऑर लॉजिकल’ अशी तक्रार. दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी म्हणते गट बरोबर दोन हवेत, आणि तुम्ही शपथेवर सांगता की दोनच आहेत. एक्सेलचं ॲनालिसिस टूलपॅक ‘नॉन-न्यूमेरिक डेटा’ म्हणून मध्येच थांबतं. आलेखाच्या उभ्या अक्षावर १०, ११, १२ असे टप्पे येत नाहीत. तुमचा प्रत्येक आकडा वेगळा लिहून येतो आणि ९.८ हा १२.४ च्याही वर जाऊन बसतो.

सगळ्यांत वाईट लक्षण शेवटी सांगते: काहीच तक्रार येत नाही. उत्तर येतं, पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) येतं, प्रकल्पात छापलंही जातं, आणि ते चुकीचं असतं.

मी लातूर जिल्ह्यात एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एम. एस्सी.च्या मुलांना जैवसांख्यिकीचं प्रात्यक्षिकही मीच घेते. दिवाळीची सुट्टी संपली की प्रकल्पाची मुलं लॅपटॉप घेऊन दारात उभी. “मॅडम, मशीन येडं झालंय, उत्तरच येईना गेलंय.” मशीन बहुतेक वेळा शहाणंच असतं. अडतं ते एकाच जागी: तुम्हाला जो आकडा दिसतो, तो संगणकाच्या लेखी आकडा नसतो, मजकूर असतो. ‘१२.४’ आणि ‘१२.४ ग्रॅम’ यांत तुम्हाला फरक वाटत नाही. त्याला पहिला मोजता येतो, दुसरा म्हणजे नुसतं नाव. म्हणून चाचणी बदलू नका, सॉफ्टवेअर पुन्हा टाकू नका. आधी कॉलम तपासा.

एक खुलासा. आरचे आदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच करायचे. मोठं-लहान अक्षर आरला वेगळं वाटतं, हेही ध्यानात ठेवा.

दोन मिनिटांत, फुकटात

पहिली तपासणी मशीनची, कारण संशय तिच्यावरच असतो. आरमध्ये ‘आयरिस’ नावाची माहिती आधीपासूनच असते. काही उतरवून घ्यावं लागत नाही, म्हणजे प्रयोगशाळेतलं नेट बंद असलं तरी चालतं. एडगर अँडरसन यांनी मोजलेली तीन जातींची फुलं, प्रत्येकी ५०, एकूण १५०, आर. ए. फिशर यांनी ती १९३६ मध्ये वापरली आणि तेव्हापासून ती शिकाऊ मुलांच्या नशिबी आली. तिच्यातल्या ‘सेपल डॉट लेंग्थ’ या कॉलमची सरासरी काढा. ५.८४३३३३ आलं तर सॉफ्टवेअर ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या फाइलमध्ये आहे. एवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी तपासणी नुसत्या डोळ्यांची. एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये फाइल उघडा आणि कॉलम पाहा. कुणी मुद्दाम मांडणी बदलली नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला टेकतात, मजकूर डाव्या. उजवीकडच्या रांगेत एखादाच डावीकडे गेलेला दिसला की तो चोर. एक्सेलमध्ये बऱ्याचदा अशा सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही येतो. मात्र मुलं सगळा तक्ता छान दिसावा म्हणून मध्यावर आणून ठेवतात आणि हा पुरावा स्वतःच पुसून टाकतात. तपासताना ती मांडणी काढा.

तिसरी: एक्सेलमध्ये ‘काउंट’ आणि ‘काउंटए’ ही दोन सूत्रं त्याच कॉलमवर चालवा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेली प्रत्येक सेल. दोन्हींचं उत्तर सारखं नसेल तर जितका फरक, तितके खोटे आकडे.

हे का महत्त्वाचं? एक्सेलचं ‘ॲव्हरेज’ मजकूर असलेली सेल गुपचूप सोडून देतं. समजा सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन पाच नमुन्यांत १२.१, ११.६, १२.४, ११.९ आणि १२.० ग्रॅम आलं. सरासरी १२.०. आता ११.६ च्या पुढे कुणी ‘ग्रॅ’ लिहिलं असेल तर एक्सेल उरलेल्या चारांची सरासरी काढून १२.१ देईल, हूं की चूं न करता. आर निदान भांडतं तरी. म्हणून मी पहिल्या वर्षाच्या मुलांना आरच देते. फुकट आहे हे दुसरं कारण. आज्ञा टाइप करायचा धाक वाटत असेल तर जामोवी घ्या, तेही फुकट. त्यात कॉलमच्या डोक्यावर मोजपट्टीचं छोटं चित्र दिसलं तर सतत बदलणारी राशी म्हणून वाचलंय, दुसरं चित्र दिसलं तर थांबा.

आरनं काय वाचलं, ते आरलाच विचारा

फाइल वाचली की लगेच ‘एस-टी-आर’ हा आदेश द्या. माझ्या प्रात्यक्षिकात याच्याशिवाय पुढं जायला बंदी आहे. प्रत्येक कॉलमपुढे ‘एनयूएम’ किंवा ‘आयएनटी’ असेल तर तो आकडा, ‘सीएचआर’ असेल तर मजकूर. वजनाच्या कॉलमपुढे ‘सीएचआर’ दिसलं की निदान झालं. कॉलममध्ये आकडा म्हणून न वाचता येणारी एकच सेल असली तरी आर अख्खा कॉलम मजकूर म्हणून घेतं. चाळीस चांगल्या नोंदी एका वाईट नोंदीपायी जातात.

ती एक सेल शोधायची कशी? ‘ॲज डॉट न्यूमरिक’ लावून त्या कॉलमची आकड्यांतली प्रत तयार करा. ‘एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन’ असा इशारा येईल. घाबरू नका, आपल्याला हवंय तेच झालंय. मग ‘इज डॉट एनए’ आणि ‘व्हिच’ यांच्या जोडीनं विचारा की प्रतीत कुठल्या ओळी एनए झाल्या, आणि मूळ कॉलममधल्या नेमक्या त्याच ओळी छापून पाहा.

माझ्याकडे तिथं काय काय सापडलंय: ‘१२.४ ग्रॅम’. ‘१२..४’. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’. आडवी रेघ. ‘निल’. ‘मेले’. एकदा ‘शेळीने खाल्ले’ असंही होतं, आणि खरं सांगायचं तर ती नोंद प्रामाणिक होती, फक्त जागा चुकली होती. अशा गोष्टींसाठी शेजारी ‘शेरा’ नावाचा कॉलम ठेवा आणि वजनाची सेल रिकामी सोडा.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांचं दुखणं वेगळं. वसाहतींची संख्या ती १,२५,००० अशी स्वल्पविराम देऊन लिहितात, शाळेत शिकवल्याप्रमाणे. आरला ते स्वल्पविराम पचत नाहीत. सेलचं फॉरमॅट ‘जनरल’ करून फाइल पुन्हा जतन करा, किंवा आरमध्ये ‘जीसब’नं स्वल्पविराम काढून मग आकड्यात बदला.

आता आपल्याकडची खास अडचण. शेतात नोंदी मोबाइलवर घेतल्या जातात, आणि मोबाइलचा कळफलक मराठी असला तर आकडेही देवनागरी पडतात. व्हॉट्सॲपवरून ते तसेच शीटमध्ये येतात. आरला ‘१२.४’ हा देवनागरीतला आकडा म्हणजे अक्षरं. आकडा म्हणून त्याला ० ते ९ ची इंग्रजी चिन्हंच कळतात. (हा लेख मी देवनागरी आकड्यांत लिहितेय, म्हणून इथून उचलून चिकटवू नका.) उपाय सोपा आहे: एक्सेलच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये दहाही अंक एकेक करून बदला. पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळी नोंदी घेताना कळफलक बदलायचा.

आणि न दिसणारी मोकळी जागा. वेबपान किंवा पीडीएफवरून उचललेल्या आकड्याला मागून एक वेगळ्या जातीची मोकळी जागा चिकटून येते. साधी मोकळी जागा असती तर आर आकड्यांच्या कडेची स्वतःच झाडून टाकतं. ही जात त्याला जुमानत नाही. एक्सेलमध्ये ‘लेन’ सूत्र लावा. १२.४ ची लांबी ४ यायला हवी. ५ आली तर शेपूट आहे. ते शेपूट त्या सेलमधूनच कॉपी करून ‘फाइंड’च्या चौकटीत चिकटवा, ‘रिप्लेस’ची चौकट रिकामी ठेवा.

गट दोनच आहेत, मग पाच कसे झाले

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात मुलं दिवस घालवतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीनचं एमएयूएस ७१ हे वाण आणि जबलपूरचं जेएस ३३५ यांची तुलना करायची, एवढा साधा प्रकल्प. टी-चाचणी म्हणते, ‘ग्रुपिंग फॅक्टर मस्ट हॅव एग्झॅक्टली टू लेव्हल्स’. मुलगी रडवेली. वाणाच्या कॉलमवर ‘टेबल’ हा आदेश दिला तेव्हा पाच गट निघाले: ‘एमएयूएस ७१’, ‘एमएयूएस-७१’, ‘एमएयूएस७१’, ‘जेएस ३३५’ आणि पुन्हा ‘जेएस ३३५’. शेवटचे दोन दिसायला एकसारखे. एकाच्या मागे मोकळी जागा होती.

आकड्यांच्या कडेची साधी मोकळी जागा आर झाडतं, नावांच्या कडेची झाडत नाही, जोवर तुम्ही सांगत नाही. फाइल वाचताना ‘स्ट्रिप डॉट व्हाइट’ ट्रू करा किंवा नंतर ‘ट्रिम-डब्ल्यू-एस’ लावा. रेघ आणि मोकळी जागा यांचा घोळ मात्र हातानंच निस्तरावा लागतो. तीन मुलांनी मिळून नोंदी घेतल्या असतील तर तीन तऱ्हा येणारच. मी आता प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी गटांची नावं फळ्यावर लिहून देते: ‘ए’ आणि ‘बी’. वाणाचं पूर्ण नाव अहवालात लिहा की हवं तितकं सुंदर.

तक्रार न येणारी आवृत्ती जास्त घातक. दोनाऐवजी चार उपचार असतील आणि तुम्ही एनोव्हा (दोनांहून जास्त गटांच्या सरासरींची तुलना) चालवत असाल तर आर पाच गट निमूट स्वीकारतं. तिथं स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथं गटांच्या संख्येपेक्षा एक कमी) पाहा. चार उपचारांना ते ३ यायला हवेत. ४ आले तर कुठलातरी उपचार जुळा झालाय.

गोळी देऊन ताप दाबू नका

एनए आलं की वरच्या वर्गातलं कुणीतरी सांगतंच, “एनए डॉट आरएम इक्वल टू ट्रू टाक, जातंय.” जातं खरं. ती तापाची गोळी आहे. ताप उतरतो, कशानं आला ते कळत नाही. जिथं झाड खरोखर मेलं, नमुना खरोखर हरवला, तिथं हा पर्याय योग्य आहे, आणि किती नोंदी गळल्या ते अहवालात लिहायचं. पण आकडा होता आणि टायपिंगच्या चुकीनं एनए झाला, तर तुम्ही स्वतःच मोजलेलं फेकून देताय.

याच्या उलट चूक म्हणजे रिकाम्या सेलमध्ये शून्य भरणं. उगवण झाली नाही म्हणून उगवलेल्या बियांची संख्या ० हे बरोबर. पण उगवलंच नाही त्या रोपाची उंची ० सेंटिमीटर? उंची मोजलीच नाही, म्हणून ती रिकामी. हा निर्णय सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही, तुम्हालाच घ्यावा लागतो.

जुने आदेश उसने घेणाऱ्यांसाठी एक सापळा. आरची ४.० ही आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली. त्याआधी फाइल वाचताना मजकुराचा कॉलम आपोआप ‘फॅक्टर’ (प्रत्येक वेगळ्या नोंदीला आतून अनुक्रमांक दिलेला कॉलम) व्हायचा. आजही कुणी तसं मुद्दाम करवून घेतलेला कोड फिरत असतो. फॅक्टरवर थेट ‘ॲज डॉट न्यूमरिक’ लावलं तर तुमचे आकडे मिळत नाहीत, त्यांचे अनुक्रमांक मिळतात. वरचीच पाच वजनं आणि सहावी नोंद ‘एनडी’ असेल तर हाती येतं ४, १, ५, २, ३, ६. सरासरी साडेतीन. शंभर सोयाबीन दाण्यांचं वजन साडेतीन ग्रॅम! शेतकऱ्याच्या पोरानं तरी हे पाहून थबकायला हवं. आधी ‘ॲज डॉट कॅरेक्टर’, मग ‘ॲज डॉट न्यूमरिक’, हा क्रम चुकवू नका.

जे आकडे खरे आहेत, पण तुमचे नाहीत

इथून पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो, कारण संगणक कसलीच तक्रार करत नाही. सोबत मूळ वही लागते.

शेंगेत २-३ दाणे असं लिहिलंत तर एक्सेल त्याची २ मार्च ही तारीख करतं, आणि तारीख म्हणजे आतून एक आकडा. २ मार्च २०२४ साठी तो ४५३५३ आहे. सेलचं फॉरमॅट बदलून पाहिलंत तर ‘२-३’ परत येत नाही. गेलं ते गेलं. ही फजिती फक्त आपल्या मुलांची नाही. जनुकांची ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’पासून सुरू होणारी नावं एक्सेल तारखा करून टाकायचं, आणि शेवटी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनंच ती नावं बदलली, २०२० मध्ये ते जगभर गाजलं. आपण समिती नाही, म्हणून टाइप करण्याआधी कॉलमचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. त्याहून चांगलं म्हणजे २-३ लिहूच नका. एकेका शेंगेतले दाणे मोजून लिहा.

दशांश चिन्ह निसटणं तर रोजचं. ११.९ च्या जागी ११९ पडलं तर वरच्या पाच नमुन्यांची सरासरी ३३.४२ होते. ‘समरी’ आदेशात कमाल किंमत पाहिली तरी कळतं, बॉक्सप्लॉट काढला तर लांबूनही दिसतं. चाचणीच्या आधी आलेख, हा माझा हट्ट त्यासाठीच.

कॉलमच्या तळाशी एक्सेलमध्ये काढलेली ‘सरासरी’ची ओळ राहिली असेल तर आर तिलाही एक रोप समजतं. २० नोंदींच्या २१ होतात. सरासरी हलत नाही, म्हणून संशयही येत नाही. पण विचलन कमी दिसतं आणि पी-मूल्य खुशामत करू लागतं. ओळी मोजा: वहीत किती, आरमध्ये किती.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) करताना आणखी एक. एक्सेल सेलमध्ये जे दिसतंय तेच सीएसव्हीत लिहितं. दशांश लपवून १२ दिसत असेल तर १२.४ मधले चार दशांश तिथेच राहतात. आणि कॉलमची नावं मराठीत असतील तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. विंडोजवर आर ४.२ च्या आधीचं असेल तर नावं इंग्रजीत ठेवा आणि सुटा.

हे बिघाड नाहीत

दोन गोष्टींसाठी मुलं उगाच धावत येतात. एक: ‘३.२ ई-०५’ असं पी-मूल्य पाहून “३.२ आलंय मॅडम, ०.०५ पेक्षा मोठं” म्हणतात. ते ०.००००३२ आहे. दुसरी: वहीत सोडवलेलं उदाहरण आणि आरचं उत्तर जुळत नाही, स्वातंत्र्यांश १७.३ असा अपूर्णांकात येतो. आर न सांगता वेल्शची टी-चाचणी करतं, जी दोन गटांचं प्रचरण (आकड्यांचा पसारा) सारखं धरत नाही. वर्गात शिकवलेली चाचणी हवी तर ‘व्हार डॉट इक्वल’ ट्रू करा. दोन्ही गटांत नोंदी सारख्याच असतील तर टी तोच येतो, फक्त स्वातंत्र्यांश बदलतात. एक्सेलच्या ‘टी डॉट टेस्ट’मध्ये हाच फरक प्रकार २ आणि प्रकार ३ असा असतो.

कुठं थांबायचं

वरचं सगळं करून ‘एस-टी-आर’ स्वच्छ आहे, गट बरोबर आहेत, ओळी वहीशी जुळतात, तरी उत्तर पटत नाही, तर हात बाजूला घ्या. आता प्रश्न टायपिंगचा उरलेला नाही. कोड बदलत बसलात तर पी-मूल्य ०.०५ च्या खाली येईपर्यंत बदलत बसाल, आणि त्याला विश्लेषण म्हणत नाहीत.

सांख्यिकीच्या माणसाकडे नक्की जावं अशा वेळा: तीन कुंड्यांत दहा-दहा रोपं होती आणि तुम्ही ३० स्वतंत्र नोंदी म्हणून चाचणी केली (उपचार कुंडीला दिला होता, म्हणजे मोजायच्या कुंड्या तीन). त्याच रोपांची उंची दर आठवड्याला मोजली. निम्म्याहून जास्त नोंदी शून्य आहेत. एखाद्या उपचारातली बरीच झाडं मेली आणि उरलेल्यांचीच सरासरी काढायचीय. रुग्णालयातल्या माणसांची माहिती आहे. यातल्या कशावरही माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेचा शब्द अखेरचा धरू नका. जवळच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र विभाग असेल तर तिथं विचारा. शेतीचे प्रयोग असतील तर कृषी विद्यापीठात विचारा. शक्यतो प्रयोग मांडण्याआधी जा. फिशर यांनी १९३८ मध्ये भारतीय संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत बोलताना बजावलं होतं की प्रयोग संपल्यावर गेलात तर संख्याशास्त्रज्ञ फक्त शवविच्छेदन करून देऊ शकतो.

जाताना काहीही दुरुस्त न केलेली मूळ फाइल न्या, दुरुस्त केलेली वेगळ्या नावानं न्या, आणि शेतातली वही न्या, चिखलाचे डाग असले तरी. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या प्रकल्पात दोन कुंड्यांचे आकडे कुठल्याच गटात बसत नव्हते. आम्ही तीन दुपारी कोडमध्ये घातल्या. उत्तर वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘कुंडी ७ व ८ च्या पाट्या पावसात गेल्या, अंदाजाने लावल्या.’